तूप घातलेली कॉफी आणि वाढलेलं एलडीएल

प्रश्न: ताई, मी नाशिकला माध्यमिक शाळेत शिकवते. वय ४७. दिवाळीत मुलगा बंगळुरूहून आला, तेव्हा त्याने तूप घातलेली कॉफी करून दाखवली. त्याच्या ऑफिसात बरेच जण तीच पितात म्हणे. तेव्हापासून पाच महिने मी नाश्त्याऐवजी तीच घेते. पातेल्यात कॉफीची पूड उकळायची, गाळायची, त्यात पोह्याचे दोन चमचे साजूक तूप आणि एक चमचा घाण्याचं खोबरेल घालून मिक्सरमधून फिरवायची. दूध नाही, साखर नाही. आधी पोहे किंवा उपमा, दोन कप साखरेचा चहा आणि मधल्या सुट्टीत बिस्किटं असायची. शाळा सातची, म्हणून सहाला थायरॉइडची गोळी घेतली की लगेच कॉफी. पहिल्या दोन महिन्यांत चार किलो उतरले, मग काटा जागचा हलला नाही. दुपारपर्यंत भूक लागत नाही, तरतरी वाटते. पण परवा रक्त तपासलं तर एलडीएल, म्हणजे ते 'वाईट' कोलेस्टेरॉल, ११८ वरून १६१ झालंय. माझ्या वडिलांची ५८व्या वर्षी बायपास झाली होती, त्यामुळे धास्ती घेतली आहे. मुलगा म्हणतो, तुपाने इन्सुलिन वाढत नाही, म्हणून उपास मोडत नाही आणि अंगातली चरबी जळत राहते. आयुर्वेदातही सकाळी तूप सांगितलंय ना? सासूबाई विचारतात, 'हे काय औषध आहे का गं?' संकष्टीलाही मी हीच कॉफी घेते. खरं काय मानू? सोडून देऊ का?
(एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर:

हो, सोडा. उद्या सकाळपासूनच कॉफीत तूप आणि खोबरेल घालू नका. आणि तुमचा रिपोर्ट या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांना दाखवा. वडिलांच्या बायपासचं त्यांना आवर्जून सांगा, कारण १६१ हा आकडा एकाच्या बाबतीत 'बघू, सहा महिन्यांनी' असा असतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत नसतो. हे दोन्ही आधीच सांगून टाकते. आता कारणांकडे येते. ती समजली नाहीत तर पुढच्या दिवाळीत मुलगा आणखी काही नवं घेऊन येईल आणि तुमची पुन्हा अशीच ओढाताण होईल.

आधी त्या चार किलोंचं पाहू. वजन उतरलं हे खरं, पण ते तुपाने उतरवलेलं नाही. पोहे, साखरेचा दोन कप चहा आणि चार बिस्किटं मिळून सहज साडेपाचशे कॅलरी होतात. तुमच्या कॉफीत तूप साधारण २५ ग्रॅम आणि खोबरेल १२ ग्रॅम पडतं असं धरलं, तर त्या कपाच्या कॅलरी सुमारे ३३० होतात. म्हणजे रोज दोनशेच्या आसपास कॅलरी कमी गेल्या. साठ दिवसांत बारा हजार. अंगातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. तेव्हा चार किलोंतला दीडेक किलो इथे सापडतो. राहिलेल्यात बराच भाग पाण्याचा असणार. यकृतात आणि स्नायूंत पिठूळ पदार्थांचा जो साठा असतो, तो प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. सकाळचे पोहे, साखर, बिस्किटं बंद झाली की हा साठा थोडा उतरतो आणि पाणीही जातं. काट्यावर ते फार लवकर दिसतं आणि लवकरच थांबतंही. तुमचं नेमकं तसंच झालंय. साखरेचा चहा आणि बिस्किटं सोडलीत हे फार चांगलं केलंत. ते पुन्हा सुरू करू नका.

आता मुलाचा मुद्दा. त्याने सांगितलेलं पहिलं वाक्य बरोबर आहे. नुसत्या तुपाने इन्सुलिन फारसं वाढत नाही. पण त्यावरून 'अंगातली चरबी जळत राहते' हे सिद्ध होत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची गल्लत इथेच होते. तूप आतड्यात गेलं की पित्ताच्या मदतीने त्याचे बारीक कण होतात, ते पचतात, आतड्याच्या पेशी त्यांचे पुन्हा थेंब बांधतात आणि हे थेंब रक्तात थेट न जाता लसीकावाहिन्यांतून (रक्तवाहिन्यांहून वेगळ्या बारीक नळ्यांतून) छातीतून वर चढत मानेजवळच्या मोठ्या शिरेत उतरतात. पुढचे काही तास ही चरबी रक्तात फिरत असते. स्नायूंना इंधन हवं असेल तर ते यातलं घेतात, उरलेलं चरबीच्या पेशींत साठतं. सहाला प्यायलेलं तूप नऊ-दहा वाजता तुमच्या रक्तात भरपूर असतं. तुम्ही तेव्हा वर्गात उभ्या असता, शरीर चरबी जाळतही असतं, पण ती आधी कपातली जळते. पोटावरच्या चरबीची पाळी त्यानंतर येते, आणि ती किती येणार हे दिवसभराच्या हिशोबावर ठरतं. कप सोडून नुसती कोरी कॉफी घेतली असती, तर त्याच तीन तासांत शरीराला स्वतःचाच साठा मोडावा लागला असता.

यात कॉफीचं स्वतःचं काम काय, तेही सांगते, कारण तरतरीचं खरं श्रेय तिचं आहे. दिवस जातो तसा मेंदूत अडिनोसिन नावाचा पदार्थ साचतो आणि झोप, सुस्ती आणतो. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. शिवाय अॅड्रिनॅलिन थोडं वाढतं आणि चरबीच्या पेशींतून फॅटी अॅसिडं रक्तात सुटतात. 'कॉफी चरबी वितळवते' असं म्हणतात ते यावरूनच. पण सुटलेली चरबी वापरली गेली नाही तर ती पुन्हा साठ्यात जाते. कॅफिनमुळे चयापचयाचा वेग किती वाढतो, याचं मोजमाप १९८९ साली झालेलं आहे. १०० मिलिग्रॅम कॅफिनने, म्हणजे साधारण एक कडक कप कॉफीने, अडीच तास तो वेग तीन ते चार टक्क्यांनी वाढला. तुमच्यासारख्या बाईच्या शरीरात स्वस्थ बसल्या अडीच तासांत १३०-१४० कॅलरी खर्च होतात. त्याचे चार टक्के म्हणजे पाच-सहा कॅलरी! एका बाजूला सहा कॅलरींचा जादा खर्च आणि दुसऱ्या बाजूला त्याच कपातून ३३० कॅलरींची भर. हा हिशोब तुमच्या मुलाला दाखवा. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाला आकडे पटतील.

खोबरेलाविषयी वेगळं सांगायला हवं, कारण तिथे शास्त्राचा खरा धागा आहे आणि तो जाहिरातवाल्यांनी फार ताणलेला आहे. चरबीच्या रेणूंच्या साखळ्या लांब-आखूड असतात. आठ आणि दहा कार्बनच्या मध्यम साखळ्यांना ती लसीकावाहिन्यांची लांबची वाट लागत नाही. त्या आतड्यातून थेट यकृताकडे जातात, तिथे लगेच जळतात आणि त्यातून थोडे किटोनही, म्हणजे चरबीपासून बनणारं इंधन, तयार होतात. अशा शुद्ध मध्यम साखळीच्या तेलावर मारी-पिएर सेंट-ऑन्ज या संशोधिकेने अमेरिकेत केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन कमी करण्याचा आहार सगळ्यांनाच दिलेला होता. १६ आठवड्यांनी, रोज १८ ते २४ ग्रॅम हे तेल घेणाऱ्यांचं वजन ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा १.६७ किलोने जास्त उतरलं होतं. फरक छोटा, पण खरा. पुढे खोबरेल विकणारे याच प्रयोगाचा दाखला देऊ लागले, तेव्हा सेंट-ऑन्ज यांनी स्वतःच स्पष्ट केलं की त्यांचं तेल १०० टक्के मध्यम साखळीचं बनवून घेतलेलं होतं आणि खोबरेलात तो भाग १३ ते १५ टक्केच असतो. तुमच्या एका चमच्यात तो दोन ग्रॅमही भरत नाही. प्रयोगाइतका भरायचा तर रोज दहा-बारा चमचे खोबरेल प्यावं लागेल. खोबरेलातला जवळजवळ निम्मा भाग लॉरिक अॅसिडचा. त्यालाही कागदोपत्री 'मध्यम' म्हणतात, पण आतड्यात ते बरंचसं लांब साखळीसारखंच वागतं.

किटोनचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगते. औषधोपचारांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली किटोनयुक्त आहार देतात, १९२०च्या दशकापासून. तो गुणकारी आहे आणि त्यात घरचे लोक पोळीचा तुकडासुद्धा तोलून देतात, इतका काटेकोर असतो. तुम्ही दुपारी पोळी-भाजी, रात्री वरण-भात जेवता. सकाळच्या कपाने जे थोडे किटोन तयार होतात, ते डब्याबरोबर ओसरतात. त्यात वाईट काही नाही. फक्त 'मी किटोवर आहे' अशी समजूत करून घेऊ नका.

आता ज्याची तुम्हाला धास्ती आहे ते एलडीएल. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि मला एकाच कपातून एलडीएल वाढण्याच्या तीन वाटा दिसतात. तुम्हाला बहुधा एकीचीच शंका आली असेल.

ती पहिली वाट तूप-खोबरेलाचीच, आणि सर्वांत रुंदही तीच. या दोन्हींत संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी जास्त. यकृताच्या पेशींवर एलडीएल ओढून घेणारी जी दारं असतात, ती संपृक्त चरबीने कमी होतात. मग एलडीएल रक्तातच राहतं. तुमच्या एका कपात सुमारे २५ ग्रॅम संपृक्त चरबी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त या चरबीतून येऊ नयेत. दिवसाला १,६०० कॅलरी धरल्या तर ही मर्यादा १८ ग्रॅमला संपते. शाळेची पहिली घंटा व्हायच्या आत तुम्ही दिवसाची मर्यादा ओलांडलेली असते, आणि दूध, दही, फोडणी, दाणे अजून यायचे असतात. खोबरेलाबद्दल उलटसुलट ऐकायला मिळतं, त्यालाही आधार आहे. २०१८च्या एका ब्रिटिश प्रयोगात चार आठवडे रोज ५० ग्रॅम खोबरेल खाऊनही लोकांचं एलडीएल ऑलिव्ह तेलवाल्यांपेक्षा वाढलं नाही. लोण्याने मात्र वाढलं. पण २०२० मध्ये १६ प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा सोयाबीन, ऑलिव्हसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमने वाढलेलं दिसलं. मी या एकत्रित आकड्याला जास्त वजन देते. ज्यांच्या घरात हृदयरोग आहे, त्यांना तर नक्कीच देते.

दुसरी वाट पातेल्यात आहे. कॉफीच्या बीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट पदार्थ असतो आणि तो एलडीएल वाढवतो. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात १९८३ साली कॉफी पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल जास्त दिसलं. पुढे लक्षात आलं की तिकडे पूड उकळून कॉफी करतात आणि दोष त्या पद्धतीत आहे. कागदी फिल्टरमध्ये हा पदार्थ अडकतो. स्टीलच्या किंवा कापडाच्या गाळणीवर तसा भरवसा ठेवता येत नाही. तुम्ही पूड पातेल्यात उकळता. एक कप असेल तर याचा वाटा लहान, पण मधल्या सुट्टीतही तशीच कॉफी होत असेल तर तो मोजायला हवा. कागदी फिल्टर आणा, नाहीतर पाण्यात विरघळणारी इन्स्टंट कॉफी वापरा. तिच्यात कॅफेस्टॉल अगदी कमी असतं.

तिसरी वाट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती तुम्ही पत्रात सहज एका ओळीत लिहून गेलात. थायरॉइडची गोळी आणि लगेच कॉफी. कॉफीमुळे ही गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही. कोरी कॉफीसुद्धा अडथळा आणते. गोळी रोज घेऊनही तिचा पूर्ण उपयोग होत नसेल, तर थायरॉइड पुन्हा मंदावतो. थायरॉइड मंदावला की यकृत एलडीएल कमी उचलतं आणि वजनही हटून बसतं. तुमची दोन्ही लक्षणं याच्याशी जुळतात. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना टीएसएचही (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्या आणि त्यांना सांगा, की पाच महिने गोळीवर लगेच कॉफी होत होती. हे कळलं नाही तर ते गोळीचा डोस वाढवतील, आणि मग कॉफी सुटल्यावर तोच डोस जास्त होईल. यापुढे गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि कॉफी, चहा, नाश्ता एक तासाने. सातच्या शाळेला ते जमत नसेल तर गोळी पहाटे पाचला घ्या, किंवा डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर तीनेक तासांनी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर ठेवा.

पाळी जाण्याच्या वयातही एलडीएल थोडं चढतं. तुम्ही ४७च्या आहात, तेव्हा तेही डॉक्टरांशी बोला. पण पाच महिन्यांत ४३ अंकांची उडी आणि त्याच पाच महिन्यांत हा कप, हे मी योगायोग म्हणून सोडणार नाही.

भूक लागत नाही, हे तुम्ही फायद्यात धरलंय. चरबीने पोट हळू रिकामं होतं, तृप्तीचं हार्मोन सुटतं, त्यावर कॅफिन. म्हणून दुपारपर्यंत निभतं. मला काळजी आहे ती त्या कपात काय नाही याची. प्रथिनं शून्य. या वयात स्नायू झपाट्याने उतरायला लागतात, आणि सकाळपासून दीड वाजेपर्यंत तुमच्या स्नायूंना काहीच मिळत नाही. वजन उतरताना तर प्रथिनं जास्तच लागतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. शिवाय प्रथिनं पचवायला त्यांच्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी खर्च होतात, चरबी पचवायला फार तर तीन टक्के. चयापचयाला मदत करणारा नाश्ता हवा असेल तर तो इथे आहे. दोन उकडलेली अंडी, म्हणजे १२ ग्रॅम प्रथिनं. अंडी खात नसाल तर मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही, किंवा आदल्या रात्री केलेली मोड आलेल्या मटकीची उसळ. सकाळी घाई असते हे मला कळतं. उसळ डब्यात न्या आणि मधल्या सुट्टीत खा, बिस्किटांच्या जागी. आणि कॉफी हवीच असेल तर आपली दुधाची, जायफळ घातलेली प्या, बिनसाखरेची. त्यात १०० मिली गाईचं दूध घातलं तर तीन-साडेतीन ग्रॅम चरबी आणि तेवढीच प्रथिनं मिळतात. तुमच्या आत्ताच्या कपातली चरबी याच्या दहापट आहे.

उपासाचं विचारलंत. वजनासाठी केलेला उपास ३३० कॅलरींनी मोडतो, मग त्या तुपाच्या असोत की साबुदाण्याच्या. त्या सकाळी कोरी कॉफी चालेल. संकष्टीचा उपास ही वेगळी गोष्ट. तिथे तूप चालतं, घरची रीत असेल तसं करा. पण त्या दिवशी रात्री मोदक आणि जेवण आहेच, तेव्हा सकाळी तूप पिण्याचं कारण उरत नाही. रक्ततपासणीच्या दिवशी मात्र उपाशीपोटी म्हणजे फक्त पाणी. कॉफीचा घोटही नको.

आयुर्वेदातलं स्नेहपान, म्हणजे उपचार म्हणून तूप पिणं म्हणाल, तर ते वैद्य पंचकर्माच्या आधी काही दिवस, अग्नी पाहून, मात्रा ठरवून देतात. रोज, महिनोन्महिने, कॉफीत घालून, नाश्त्याच्या बदली अशी ती योजना नाही. आणि ज्या तिबेटी लोणी-चहावरून ही कॉफी निघाली, तोही असा नव्हता. डेव्ह ॲस्प्री या अमेरिकन उद्योजकाने तिबेटच्या प्रवासात तो चहा प्यायला आणि २००९च्या सुमारास कॉफीची कृती मांडली. तिबेटात चहात मीठ आणि लोणी घालतात, सातूचं पीठ कालवून खातात आणि त्या थंडीत, त्या उंचीवर दिवसभर अंगमेहनत करतात. तिथे त्या चरबीला काम आहे.

सासूबाईंना सांगा की औषध नाही, आणि त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. साजूक तूप घरातून हद्दपार करा असं मी म्हणत नाही. भातावर चहाचा एक चमचा तूप घातलं तर त्यातून तीनेक ग्रॅम संपृक्त चरबी जाते. ते तुमच्या हिशोबात बसतं. एकदोन चमच्यांवर थांबा. खोबरेल कधीमधी माशाच्या कालवणाला किंवा सोलकढीबरोबरच्या एखाद्या भाजीला लागलं तर त्याचीही चिंता नको. आणि एक लहानशी विनंती: गरम कॉफी बंद भांड्यात मिक्सरमधून फिरवू नका, कुणालाही फिरवू देऊ नका. आत वाफ कोंडते, झाकण उडतं आणि तेलकट कॉफीने भाजलं तर ते पाण्यापेक्षा जास्त चिकटतं.

हे बदल केल्यावर आठ आठवड्यांनी लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि टीएसएच पुन्हा तपासा. एलडीएलला खाली यायला आणि गोळीचा परिणाम टीएसएचमध्ये दिसायला तेवढा वेळ पुरतो. तोवर डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुचवली तर 'आधी कॉफी सोडून बघते' असं म्हणायला हरकत नाही, पण निर्णय त्यांच्यावर सोडा. त्यांच्यासमोर वडिलांचा इतिहास असेल आणि तुमचं ब्लडप्रेशर, साखरही. मध्येच छातीत दडपण, चालताना दम, डाव्या हाताला किंवा जबड्यात कळ असं काही जाणवलं तर आठ आठवडे थांबू नका, तडक दवाखान्यात जा.

आकडे आले की मला कळवा. आणि मुलाला हे उत्तर वाचायला पाठवा. त्याने तुमच्या भल्यासाठीच ती कॉफी करून दिली होती, त्याच्यावर रागावू नका. पण तो रोज पीत असेल तर त्यालाही एकदा लिपिड प्रोफाइल करायला सांगा. बायपास झाली ते त्याचे आजोबा आहेत.